चूक मुलाची, फोन मुलीचा जप्त

प्रिय ताई,

आम्ही सांगली जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी राहतो. साड्यांचं दुकान आहे. मोठा मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर. धाकटी मुलगी बारावीला. दिवाळीत मुलगा घरी आला होता. त्याचा फोन चार्जिंगला होता, सारखे मेसेज वाजत होते म्हणून मी सहज उचलला आणि माझे हातपाय गार पडले. तीसेक मुलांचा ग्रुप आहे. त्यात कॉलेजच्या मुलींचे फोटो, जिन्यावरचे, कँटीनमधले, पाठमोरे, त्यांना न कळत काढलेले. प्रत्येक फोटोखाली दहापैकी मार्क. 'माल', 'पीस' असले शब्द. एक फोटो पहिल्या वर्षाच्या मुलीचा, अंगावर कपडे नसलेला. तिने तिच्या मित्राला पाठवला होता, भांडण झाल्यावर त्याने तो ग्रुपवर टाकला. त्याखाली पोरांनी काय लिहिलंय ते मला इथे लिहवत नाही. माझ्या मुलाने 'आठ' असं लिहिलंय. ग्रुपचा ॲडमिन तोच आहे.

यजमानांना सांगितलं तर म्हणाले, "आम्ही काय कट्ट्यावर भजन म्हणायचो का? पोरगा आहे तो." ग्रुपमधल्या एका मुलाने याच्या बहिणीबद्दल विचारलं होतं, तेव्हा मात्र हा चवताळून त्याच्या अंगावर गेला. म्हणजे मनाने तो चांगलाच आहे. मुलीचा फोन मी रोज रात्री पाहते, मुलाचा कधी पाहिला नव्हता. घाबरून त्याच रात्री मुलीचा फोन काढून घेतला, इन्स्टाग्राम बंद करायला लावलं. तेव्हापासून ती माझ्याशी नीट बोलत नाही. त्या मुलीनेही असा फोटो पाठवायला नको होता, असं मला वाटतं. तिच्या आईला फोन करून सांगू का? मुलाला अजून काही बोलले नाही. पोलीस केस झाली तर त्याच्या आयुष्याचं वाटोळं होईल. काय करू?

एक आई


प्रिय ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं ते तुमच्या मुलीसाठी. पण तिच्याकडे मी शेवटी येते, कारण तिच्याआधी एक मुलगी आहे जिच्यासाठी एकेक दिवस महत्त्वाचा आहे.

तिच्या आईला फोन करू नका. तुम्हाला तो प्रामाणिकपणा वाटत असेल, आणि हेतू चांगलाच आहे, हे मला कळतं. पण पुढे काय होईल याचा विचार करा. तुम्ही स्वतः काय केलंत? मुलाच्या फोनमध्ये घाण सापडली आणि तुमचा हात मुलीच्या फोनकडे गेला. तुम्ही प्रेमळ आई आहात, तरी असं झालं. त्या घरी तुमचा फोन गेला की कदाचित तिचं कॉलेज थांबेल, हॉस्टेलची खोली रिकामी होईल, येत्या वैशाखात तिचं लग्न उरकून टाकतील. फोटो टाकणारा मुलगा मात्र सेमिस्टरची परीक्षा देत असेल. काय झालंय ते आधी तिला स्वतःला कळायला हवं, आणि घरी सांगायचं की नाही, तक्रार करायची की नाही, हे तिनेच ठरवायला हवं.

आता मुलाशी बोला. तो पुण्याला परतला असेल तर स्वतः जा, फोनवर हे बोलणं करू नका. सुरुवात अशी करा: "मी तुझा फोन न विचारता पाहिला, ते चुकलं. पण जे पाहिलं ते मला विसरता येणार नाही." मग त्याला एकच विचारा. तो फोटो आला तेव्हा तीस जणांपैकी किती जण म्हणाले की हा काढ? उत्तर तुम्हालाही माहीत आहे. तो गप्प बसेल. बसू दे. त्याच्या बाजूने तुम्ही काही बोलू नका.

त्यानंतर त्याने करायची कामं आहेत आणि ती त्यानेच करायची. गुपचूप ग्रुप सोडणं किंवा सगळं पुसून टाकणं हा मार्ग नाही, तसं केलं तर फक्त तो सुटतो. त्याने आधी चॅट एक्स्पोर्ट करून ठेवावं, 'मीडियाशिवाय' असा पर्याय निवडून, म्हणजे कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता काय टाकलं याची नोंद राहील आणि त्या मुलीचा फोटो आणखी एका जागी जाणार नाही. पुरावा म्हणूनसुद्धा तो फोटो कुणाला पाठवायचा नाही, तुम्हालाही नाही. मग ॲडमिन म्हणून तो फोटो सगळ्यांसाठी डिलीट करायचा (व्हॉट्सॲपवर ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेजही ठराविक मुदतीत सगळ्यांसाठी काढता येतो) आणि ग्रुपवर आपल्या नावाने लिहायचं की हा फोटो ज्याने ज्याने साठवला असेल त्याने काढावा, पुढे पाठवू नये, आणि मी मार्क दिले ते चुकलं. पोरं हसतील. त्याला बाईलवेडा म्हणतील, आणखी वाईटही म्हणतील. ते त्याला सोसावं लागेल.

कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनुसार ती असलीच पाहिजे आणि तिची अध्यक्ष स्त्री प्राध्यापक असते. त्या बाईंना जाऊन त्याने सांगावं, म्हणजे त्या मुलीपर्यंत हे नीट, एकांतात पोचेल. त्याने स्वतः तिला मेसेज करू नये. तिच्या दृष्टीने तो त्या तीस जणांतलाच एक आहे. तिला तक्रार करायची असेल तर केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांविषयीची तक्रार नाव न देताही करता येते. 'स्टॉप एन-सी-आय-आय' नावाची एक मोफत सोयही आहे. त्यात फोटो कुठेही अपलोड करावा लागत नाही. आपल्याच फोनवर त्याचा एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या कंपन्या त्या ठशावरून तो फोटो ओळखून अडवतात. ती सोय अठरा पूर्ण झालेल्यांसाठी आहे. मुलगी पहिल्या वर्षाची आहे, कदाचित सतराचीच असेल. तसं असेल तर प्रकरण फार गंभीर आहे. तेव्हा पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं मुलांसाठीचं वेगळं कलम लागू होतं आणि असा फोटो नुसता साठवून ठेवणंही गुन्हा ठरू शकतं.

पोलीस केसची भीती तुम्ही लिहिलीत, तर कायदा काय आहे तेही सांगते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ७७ आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय की स्त्रीने फोटो काढायला संमती दिली असेल, पण तो तिसऱ्याला दाखवायला दिली नसेल, तर तो पसरवणं गुन्हा आहे. पहिल्याच वेळी किमान एक आणि जास्तीत जास्त तीन वर्षं कैद. तुमचा मुलगा ॲडमिन आहे, एवढ्यावरून दुसऱ्याच्या मेसेजसाठी तो गुन्हेगार ठरत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात तसं म्हटलंय. तिथेही एका सदस्याने ग्रुपवर एका स्त्रीबद्दल अश्लील भाषा वापरली होती आणि ॲडमिनने त्याला काढलं नव्हतं. पण तुमच्या मुलाने स्वतःच्या हाताने 'आठ' लिहिलंय. कायद्याने त्याचं काय होईल ते वकील सांगेल. माझ्यासमोर तुमचा मुलगा आहे आणि तो विसाव्या वर्षी कसा माणूस होतोय हा प्रश्न आहे.

तुम्ही लिहिता, तो मनाने चांगला आहे, कारण बहिणीचं नाव निघाल्यावर चवताळला. ताई, तुमच्या पत्रातल्या याच वाक्यापाशी मी सर्वांत जास्त वेळ थांबले.

साड्यांच्या दुकानात नवा माल आला की घरच्यांसाठी दोन-चार साड्या आधीच बाजूला काढून ठेवतात. त्या गिऱ्हाइकासमोर येत नाहीत. बाकीच्या काउंटरवर उलगडतात, कुणीही हात लावून बघावं, उजेडात धरावं, नको म्हणून भिरकावून द्यावं. तुमच्या मुलाने बहीण बाजूला काढून ठेवलीय. ती माणूस आहे म्हणून तो चिडला असता, तर बाकीच्या मुलींसाठीही चिडला असता. ती घरची आहे म्हणून चिडला. 'घरात आई-बहीण नाही का?' हा प्रश्न आपण पिढ्यान्‌पिढ्या छेड काढणाऱ्याला विचारत आलो, मीही विचारलाय. आज मला तो प्रश्न खोटा वाटतो. बाई कुणाची तरी आहे म्हणून तिला जपायचं, असं तो शिकवतो. जिच्या मागे बाप किंवा भाऊ दिसत नाही, जी हॉस्टेलवर एकटी राहते, जिने एकदा स्वतःच्या मनाने कुणाला जवळ केलं, तिला मग कुणाचंच संरक्षण नाही. 'माल' आणि 'पीस' हे दुकानातलेच शब्द आहेत, हे तुमच्याइतकं कुणाला कळणार? घडी मोडलेल्या साडीचा भाव उतरतो. त्या मुलीबद्दल ग्रुपवर जे लिहिलंय, ते याच हिशोबाने लिहिलं असणार.

हा हिशोब त्याला पुण्यात कुणी शिकवला नाही. लहानपणी तो दुकानात गादीवर बसून अभ्यास करायचा असेल. तेव्हा 'दाखवायच्या' कार्यक्रमासाठी साडी घ्यायला आलेल्या बायका काय बोलायच्या, आठवून पाहा. "जरा सावळी आहे हो, पण नाकीडोळी नीटस." "या रंगात मुलगी उठून दिसेल." "एकदाची खपली बाई." मुलींना मार्क द्यायला आम्ही मोठी माणसंच शिकवतो, फक्त आकडा लिहीत नाही. मी तुम्हाला दोष देत नाही. माझ्या आईच्या तोंडीही हेच होतं.

तुमच्या यजमानांनी कट्ट्याची आठवण काढली, तर मलाही एक कट्टा आठवतो. कॉलेजच्या फाटकासमोर सायकलच्या दुकानाबाहेर तो होता. तिथे बसणारी मुलं वाईट होती असं मी म्हणणार नाही, पुढे त्यांतले दोघे चांगले शिक्षक झाले. पण त्यांच्यासमोरून जाताना कुणी शीळ घालायचं, कुणी ओढणीच्या रंगावरून ओरडायचं, कुणी नुसतं वरपासून खालपर्यंत बघत राहायचं. मी रस्ता बदलला. ओढ्याकाठच्या वाटेने वीस मिनिटं जास्त लागायची. तीन वर्षं मी तेवढी लवकर घरातून निघाले, पावसाळ्यात चिखलातून गेले. घरी कारण सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर कट्टा बंद झाला नसता, माझं कॉलेज बंद झालं असतं. यजमानांना हे वाचून दाखवा. त्यांच्या कट्ट्यासमोरून कोण कोण गेलं आणि कुणी वाट बदलली, हे त्यांना कधी कळलंच नसेल.

आणि कट्ट्यावरचा शब्द निदान संध्याकाळी विरून जायचा. फोनवरचा विरत नाही, आणि आकड्यापाशी थांबतही नाही. २०२२ च्या १ जानेवारीला एका ॲपवर शंभराहून जास्त मुस्लिम स्त्रियांचे फोटो त्यांच्या संमतीशिवाय टाकून त्यांचा 'लिलाव' मांडला होता. त्याच्या आदल्या जुलैतही असंच एक ॲप निघालं होतं. मुंबई पोलिसांनी तपासात पकडलेल्यांत बेंगळुरूचा एकवीस वर्षांचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी होता, तुमच्या मुलाच्याच वयाचा म्हणा. मी तुमच्या मुलाला त्यांच्या रांगेत बसवत नाही. तिथे धर्मद्वेषही होता आणि त्याचं विष वेगळं. पण बाईचा फोटो समोर ठेवून तिची किंमत ठरवायची, हे दोन्हीकडे सारखं आहे. शब्दाला शब्दापुरतंच वजन असतं असंही मानू नका. शाळेतून घरी चाललेल्या सोळा वर्षांच्या मुलीचे केस ओढून तिला 'आयटम' म्हणणाऱ्या तरुणाला मुंबईच्या विशेष न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये दीड वर्षाची शिक्षा दिली. या शब्दाने मुलीला लैंगिक वस्तू बनवलं जातं, असं न्यायाधीशांनी निकालात लिहिलं. घटना २०१५ ची होती, म्हणजे त्या मुलीने सात वर्षं वाट पाहिली.

आता तुमचं ते वाक्य, "त्या मुलीनेही असा फोटो पाठवायला नको होता." हे तुम्ही एकट्याच म्हणत नाही. स्टाफरूममध्ये, पोलीस चौकीत, तिच्या स्वतःच्या घरात, सगळीकडे पहिल्यांदा हेच म्हटलं जाईल. तिने विश्वासाने एका माणसाला काही दिलं. त्याने ते तीस जणांत वाटलं. या दोघांत चारित्र्य कुणाचं तपासायचं? आपल्या भाषेतच बघा. मुलगी असेल तर तिचं पाऊल वाकडं पडलं, तिने तोंड काळं केलं, घराण्याला बट्टा लावला. पुरुष असेल तर तो रंगेल, शौकीन, फार तर बाहेरख्याली. 'रंगेल' म्हणताना सांगणाऱ्याच्या ओठावर हसू असतं. बाईसाठी असा एक तरी हसरा शब्द मराठीत सापडतो का? मला सापडला नाही.

हे नवं नाही. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला पोटचं मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली, पुढे शिक्षा कमी झाली. वर्तमानपत्रांतून बायका कशा बिघडल्या यावर लेख येऊ लागले. ते मूल काही तिला एकटीला झालं नव्हतं, पण फासाच्या दोरीपर्यंत ती एकटीच पोचली. त्या लेखांनी पेटून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' हे छोटं पुस्तक लिहिलं. बायकांवर लादलेला एकेक दोष घेऊन त्या विचारत गेल्या, हा पुरुषांत नाही का? जास्तच नाही का? ताराबाईंना जाऊन शतक लोटलं आणि तुमच्या पत्रातही फोटो पाठवणाऱ्या मुलीवर एक अख्खं वाक्य आहे. फोटो टाकणाऱ्या मुलाबद्दल 'भांडण झाल्यावर त्याने टाकला' एवढंच, जणू पाऊस आला आणि छप्पर गळलं. तो कोण, त्याने काय केलं, त्याच्या आईला फोन करावा का, हे तुमच्या मनात आलं नाही.

आता तुमची मुलगी.

तिने काही केलेलं नाही. तिचा दादा एका मुलीच्या उघड्या शरीराला मार्क देतो आणि शिक्षा तिला होते, आणि का होते तेही तिला कोणी सांगत नाही. तिला काय वाटत असेल? बहुधा असं, की आईला माझ्यावरच संशय आहे. उद्या तिला कुणी फोटो मागितला, धमकी दिली, पैसे मागितले, तर ती तुमच्याकडे येईल का? फोन जाईल, कॉलेज जाईल या भीतीने मुली गप्प बसतात. मीही बसले होते, आणि माझ्या मागे तर फक्त शीळ होती. ज्यांच्या हातात फोटो असतो ते याच भीतीवर महिनोन्‌महिने मुलींना नाचवतात. तुम्ही तिला सुरक्षित केलं नाही, तुमच्यापर्यंत यायचा तिचा रस्ता बंद केलात.

फोन आजच परत द्या. देताना 'पुन्हा असं नको' वगैरे जोडू नका. खरं कारण सांगा, ती सतरा वर्षांची आहे, तिला झेपेल. ग्रुपमधल्या मुलीबद्दल ओळख पटेल असं काही न बोलता सांगा की दादाने काय केलं, मी घाबरले आणि राग तुझ्यावर काढला. माफी मागा. मुलांची माफी मागितल्याने आई लहान होत नाही. आणि हे शब्द तिला ऐकू द्या: "तुझा कसलाही फोटो कुठेही गेला, तू काहीही पाठवलेलं असलं, तरी आधी मला फोन कर. मी तुझा फोन काढून घेणार नाही." हे नुसतं म्हणून भागणार नाही. रोज रात्रीची तपासणीही थांबवावी लागेल. काळजी वाटत असेल तर दोन्ही मुलांसाठी एकच नियम करा. दोघांना सारखं विचारा, दोघांना सारखं सांगा. मुलगा रात्री अकराला आला की ताट झाकून ठेवता, तसं तिच्यासाठीही ठेवा, किंवा दोघांनाही नऊची वेळ लावा. कोणता नियम ते तुमचं घर ठरवेल. पण आता घरात दोन नियम आहेत, आणि मुलगा दोन्ही नियम बघत वाढलाय.

त्याच्या वडिलांना यातून बाजूला ठेवू नका. 'पोरगा आहे तो' हे त्यांनी म्हटलं, तर 'मी चुकलो होतो' हेही त्यांनीच मुलाला सांगायला हवं. वीस वर्षांचा मुलगा आईचं ऐकून घेतो आणि बापाकडे बघून ठरवतो. समितीच्या बाईंकडे एकटं जायची त्याला भीती वाटली, तर दोघांनी सोबत पुण्याला जा. दुकान एक दिवस बंद राहिलं तर राहू दे.

आणि तिच्यापर्यंत निरोप पोचला का, ती बरी आहे का, एवढं मला नक्की कळवा.